मेनूकार्डावर बटाट्याच्या वाणाचे नाव लिहा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील खाद्यगृहांविषयीचे लेखन मी नेमाने वाचते. कॉफी कोणत्या डोंगराळ भागातून आली, चीज किती महिने मुरले, चॉकलेटात कोकोचे प्रमाण किती, हे सारे त्यात आता आवर्जून सांगितले जाते आणि ते वाचून आनंदही होतो. मात्र बटाट्याचा विषय निघाला की लिहिणाऱ्यांची, वाढणाऱ्यांची आणि खाणाऱ्यांचीही भाषा एकाएकी आखडते आणि ‘बटाटा’ या एकाच शब्दावर सगळ्यांचे भागते. गेल्या महिन्यात मी थोरल्या बहिणीकडे राहायला गेले असताना आम्ही दोघी एका छोट्या कॅफेत ब्रंचसाठी गेलो, आणि तिथला प्रत्येक पदार्थ बटाट्याचाच होता. तिथून परतल्यापासून एक गोष्ट मनातून जात नाही, आणि ती खाद्यगृहे चालवणाऱ्यांपर्यंत पोचावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मेनूकार्डावर पदार्थाच्या शेजारी तो कोणत्या वाणाच्या बटाट्याचा केला आहे, हे लिहिले जावे, असे माझे म्हणणे आहे.

हे मी केवळ हौसेपोटी म्हणत नाही. एका वसतिगृहाच्या भोजनगृहाची व्यवस्था मी बावीस वर्षे पाहिली. बटाट्याची पोती मोजून घेणे, कोंब आलेले, हिरवे पडलेले आणि आतून काळे निघालेले बटाटे वेगळे काढणे, सोलल्यावर किती गर हाती लागेल याचा अंदाज बांधणे, हे माझे रोजचे काम होते. त्या पोत्यांवर वजन छापलेले असे, क्वचित व्यापाऱ्याची खूण असे. वाणाचे नाव मात्र नसे, आणि ते विचारायला हवे, हे त्या बावीस वर्षांत मला एकदाही सुचले नाही. त्याची किंमत कोणाला मोजावी लागली, ते पुढे सांगते.

कॅफे अगदी लहान आहे. सात टेबले, एक लांबट गल्ला, आणि गल्ल्यामागे स्वयंपाकघराची खिडकी, जिच्यातून आत चाललेले काम सरळ दिसते. दर्शनी खिडकीत वेताच्या तीन टोपल्या मांडलेल्या होत्या आणि त्यांत तीन प्रकारचे कच्चे बटाटे होते: एकात लांबट, गुळगुळीत, पातळ सालीचे, दुसऱ्यात पांढरट सालीचे आणि डोळ्यांभोवती गुलाबी छटा असलेले, तिसऱ्यात मोठे, पिवळ्या गराचे, ज्यांतला एक कापून ठेवलेला होता. माझी नजर सवयीने आधी हिरव्या डागांवर गेली, कारण काचेतून येणाऱ्या उजेडात बटाटा काही दिवसांतच हिरवा पडतो. तो हिरवा रंग स्वतः निरुपद्रवी असतो. पण ज्या उजेडाने तो येतो, त्याच उजेडाने सालीत आणि सालीखाली सोलानीनसारखी कडवट, विषारी द्रव्येही वाढतात, आणि ती उकळल्याने फारशी जात नाहीत. मी हे बोलून दाखवणार तोच ताईने टोपलीला लावलेली चिठ्ठी दाखवली. ‘फक्त पाहण्यासाठी, हे शिजवले जात नाहीत’, असे तिच्यावर लिहिलेले होते. स्वयंपाकाचे बटाटे आत, अंधाऱ्या कोठीत, गोणपाटाखाली झाकलेले होते. मला तेवढ्यानेच त्या जागेविषयी विश्वास वाटू लागला.

पण मला खरे थांबवले ते भिंतीवरच्या काळ्या फळ्याने. त्यावर खडूने तीन रकाने आखलेले होते. पहिल्यात पदार्थाचे नाव, दुसऱ्यात बटाट्याच्या वाणाचे नाव, आणि तिसऱ्यात ते पोते कोणत्या तारखेला उघडले ती तारीख. रोश्टीसमोर ‘आग्रिया’, कोमट सॅलडसमोर ‘शार्लोट’, भाजलेल्या अख्ख्या बटाट्यासमोर ‘किंग एडवर्ड’, आणि फ्रेंच फ्राइजसमोर पुन्हा ‘आग्रिया’. बावीस वर्षांत शेकडो पोती माझ्या हाताखालून गेली होती आणि या तीन नावांपैकी एकही मला ठाऊक नव्हते.

आम्ही रोश्टी, सॅलड, भाजलेला बटाटा आणि फ्राइज असे चारही पदार्थ मागवले आणि मधे ठेवून खाल्ले. ब्रंचची हीच सोय आहे की घाई नसते. हा शब्द पहिल्यांदा छापला गेला तो १८९५ साली, गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकाच्या एका लेखात, आणि त्या लेखात त्याने रविवारी सकाळी उशिरा, न्याहारी आणि दुपारचे जेवण एकत्र करून, माणसांनी निवांत गप्पा मारीत जेवावे, अशी विनवणीच केली होती. फळा वाचायला, त्यावरून प्रश्न विचारायला आणि एक घास दुसऱ्याशी ताडून पाहायला जो वेळ लागतो, तो अशा जेवणातच मिळतो. शिवाय न्याहारीत बटाटा अंड्याच्या बाजूला असतो आणि जेवणात मुख्य पदार्थाच्या बाजूला. इथे तो पहिल्यांदाच ताटाच्या मधोमध होता.

रोश्टी हा मुळात स्वित्झर्लंडच्या बर्न भागातल्या शेतकऱ्यांचा सकाळचा पदार्थ, म्हणजे ब्रंचला तो शोभतोच. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी तो होताना पाहिला. आतल्या मुलाने थंडगार, सालीसकट उकडलेले बटाटे काढले, सोलले आणि जाड किसणीवर लांब ओढीने किसले. ते बटाटे आदल्या दिवशी उकडून ठेवलेले असतात, असे त्याने सांगितले. रात्रभर थंड झाल्यावर शिजलेला स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो, त्यामुळे कीस चिकट न होता सुटा पडतो. मग बिडाच्या जड तव्यावर लोणी, त्यावर कीस, उलथन्याने कडेकडेने आत ओढून गोल आकार, आणि मग मंद आचेवर तो हलवायचाच नाही. बऱ्याच वेळाने त्याने तव्यावर ताटली पालथी धरली, तवा उलटा केला, आणि खालची बाजू वर आली ती एकसारखी सोनेरी, एकही काळा ठिपका नसलेली. सुरी लावली तेव्हा वरचा पापुद्रा कुरकुरला आणि आत मऊ, सुटा, लोण्याने माखलेला कीस होता. मीठ सोडले तर त्यात दुसरे काहीही नव्हते.

सॅलडमधला शार्लोट हा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस फ्रान्समध्ये प्रसारात आलेला वाण आहे. त्याच्या चकत्या व्हिनेगर आणि मोहरीच्या रसात, गरम असतानाच घोळवलेल्या होत्या, तरी एकाही चकतीची कड मोडलेली नव्हती. याच चकत्या पिठूळ बटाट्याच्या केल्या असत्या तर त्या ढवळताना फुटून लगदा झाला असता. कारण साधे आहे. पिठूळ वाणांत स्टार्च जास्त असतो. शिजताना तो पाणी शोषून फुगतो आणि गराच्या पेशी एकमेकींपासून सुटतात. घट्ट गराच्या वाणांत स्टार्च कमी असतो आणि पेशी एकमेकींना धरून राहतात. म्हणूनच भाजलेला किंग एडवर्ड काट्याने नुसता उचकटला तरी आतून हलक्या, पांढऱ्या भुग्यासारखा मोकळा झाला, आणि त्यावर ठेवलेले लोणी त्याने पाहता पाहता शोषून घेतले. ताईला दातांचा त्रास आहे. तिने तो जवळजवळ सगळा संपवला आणि मग सॅलडकडे बोट दाखवून मला विचारले की दोन्ही बटाटेच असतील तर दोन्हींत एवढा फरक कसा. फळ्याकडे बघून तिला उत्तर देता आले, याचा मला फार आनंद झाला.

फ्राइज मात्र चांगल्या झाल्या नव्हत्या, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. त्यांची टोके गडद तपकिरी होती, पहिली चव गोडसर लागत होती आणि मागून कडवटपणा येत होता. रोश्टीही आग्रियाचीच होती आणि ती निर्दोष होती. मी पुन्हा फळा पाहिला तेव्हा दोन पदार्थांसमोरच्या तारखा वेगळ्या असल्याचे लक्षात आले. रोश्टीचे पोते तीन आठवड्यांपूर्वी उघडलेले होते आणि फ्राइजचे आदल्याच दिवशी. कॅफेच्या मालकीणबाई टेबलाशी आल्या तेव्हा मी त्यांना हे दाखवले. त्यांनी एक फ्राय मोडून खाल्ली आणि लगेच म्हणाल्या, ‘‘बरोबर आहे तुमचे. हे पोते शीतगृहातून थेट आले आणि आम्ही घाई केली. ते पंधरा-वीस दिवस बाहेर, उबेला ठेवायला हवे होते.’’ त्यांनी ताटली उचलली, तिचे पैसे हिशेबातून काढले आणि खडूने फळ्यावरची फ्राइजची ओळ पुसली. उरलेला पूर्ण वेळ ती ओळ रिकामीच होती.

त्या क्षणी मला आमच्या भोजनगृहातला एक हिवाळा आठवला. त्या वर्षी तळलेल्या बटाट्याचे काप ओळीने तीन आठवडे काळे आणि कडवट होत होते. मुलांच्या तक्रारी आल्या. मी आमच्या मुख्य स्वयंपाक्याला सर्वांसमोर बोलावून तेल वारंवार वापरल्याचा ठपका त्याच्यावर ठेवला. तो शांतपणे म्हणत राहिला की तेल ताजे आहे, बटाटाच गोड झाला आहे. मी ते सबब म्हणून धुडकावले आणि माझ्या वहीत त्याच्या नावापुढे शेरा लिहिला. तो माणूस खरे बोलत होता. बटाटा सहा अंशांच्या खालच्या थंडीत राहिला की त्यातला स्टार्च हळूहळू साखरेत बदलतो; मग गरम तेलात ती साखर बटाट्यातल्या अमिनो आम्लांशी संयोग पावून काप काळपट करते, मग तेल कितीही ताजे असो. पोते उबेला ठेवले तर ती साखर बऱ्याच अंशी पुन्हा कमी होते. हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते, आणि पोत्यावर असे काहीही लिहिलेले नव्हते ज्यावरून मी ते शोधून काढले असते. कोणता वाण, कधी काढलेला, किती काळ कोणत्या थंडीत ठेवलेला, यांपैकी एक ओळ जरी त्यावर असती तरी मी त्या माणसावर अन्याय केला नसता. तो आता हयात नाही. त्याची क्षमा मला मागता आली नाही.

म्हणून ‘नावात काय आहे, बटाटा तो बटाटा’ असे जेव्हा कोणी म्हणते तेव्हा मला ते पटत नाही. बटाट्याच्या बाबतीत तर नावाला एक विलक्षण अर्थ आहे, जो फार थोड्या खाद्यपदार्थांच्या बाबतीत असतो. बटाटा हे मूळ नसून जमिनीखालचे खोड आहे आणि त्याच्यावरचे डोळे म्हणजे त्या खोडावरचे अंकुर. शेतकरी बी पेरत नाही. तो कंदाचा डोळा असलेला तुकडा लावतो, आणि त्यातून जे झाड येते ते आधीच्या झाडाचेच हुबेहूब रूप असते. किंग एडवर्ड हा वाण १९०२ साली बाजारात आला. ताईने त्या दिवशी जो बटाटा खाल्ला, तो वंशाने त्या १९०२ च्याच झाडाचा तुकडा होता, डोळ्यामागून डोळा असा शंभराहून अधिक वर्षे पुढे आलेला. अमेरिकेत ल्यूथर बरबँक यांनी १८७० च्या दशकात एका बटाट्याच्या फळातल्या मोजक्या बियांतून जे रोप निवडले, त्याच्याच वंशातला खरबरीत सालीचा बटाटा आजही तिथे भाजण्यासाठी आणि तळण्यासाठी प्रचंड प्रमाणात वापरला जातो. वाणाचे नाव म्हणजे अशा एका विशिष्ट झाडाचे नाव होय, आणि ते गाळले की त्या झाडाचे गुण, त्याचे दोष आणि त्याच्यामागची माणसे या सगळ्यांचा मागच पुसला जातो.

नाव न विचारण्याचे परिणाम केवळ चवीपुरते राहत नाहीत. आयर्लंडमध्ये गरिबांच्या शेतांत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘लंपर’ हा एकच वाण मोठ्या प्रमाणावर लावला जाई, कारण तो निकस जमिनीतही भरपूर येई. १८४५ साली करपा आला तेव्हा त्या सर्व शेतांत जणू एकच झाड उभे होते आणि ते एकाच रोगाने कोसळले. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. दुष्काळामागे जमीनदारी होती, धान्याची निर्यात होती, राज्यकर्त्यांची बेपर्वाई होती, हे सारे खरेच आहे. पण एका वाणावर सगळे जीवन टांगलेले होते, हेही खरे आहे. याउलट बटाट्याचे मूळ घर असलेल्या अँडीज पर्वतात, जिथे टिटिकाका सरोवराच्या परिसरात तो सात ते दहा हजार वर्षांपूर्वी माणसाळवला गेला, तिथले शेतकरी आजही एका शेतात अनेक वाण शेजारी शेजारी लावतात. सूपासाठी वेगळा, उकडण्यासाठी वेगळा, आणि रात्रीच्या हिमात गोठवून, पायांनी तुडवून, उन्हात वाळवून वर्षानुवर्षे टिकणारा चुन्यो करण्यासाठी वेगळा. तिथले देशी वाण चार हजारांहून अधिक आहेत आणि पेरूच्या लिमा शहरात १९७१ पासून काम करणारे आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र त्यांचे जतन करते. त्या वाणांतल्या प्रत्येकाला नाव आहे, आणि ज्याला नाव आहे त्याचीच कोणी मागणी करू शकते. संयुक्त राष्ट्रसंघाने २००८ हे वर्ष बटाट्याचे वर्ष म्हणून पाळले आणि २०२४ पासून ३० मे हा दिवस बटाट्याचा म्हणून पाळला जातो. अशा दिवशी भाषणे होतात. माझ्या मते त्या दिवशी खाद्यगृहांनी फळ्यावर एक नाव लिहिले तर त्याचा अधिक उपयोग होईल.

खाद्यगृहांचे मालक यावर काय म्हणतील, याचा मी विचार केला आहे. पहिली अडचण ते सांगतील ती पुरवठ्याची. आज एक वाण मिळतो, पुढच्या आठवड्यात दुसरा, आणि छापलेले मेनूकार्ड रोज बदलता येत नाही. ही अडचण खरी आहे, आणि तिच्यावर त्या कॅफेचा खडूचा फळा हे पुरेसे उत्तर आहे. आमच्या समोरच दुपारी एकच्या सुमारास किंग एडवर्डचे पोते संपले. आतल्या मुलाने बाहेर येऊन ओळ पुसली आणि ‘नवे पोते, मॅरिस पायपर’ असे लिहिले. अर्धे मिनिटही लागले नाही. दुसरी अडचण अशी सांगितली जाईल की व्यापारीच नाव सांगत नाही. पण वाण कोणता हे शेतकऱ्याला नेमके ठाऊक असते, कारण बियाण्याचे कंद त्याने त्या नावानेच विकत घेतलेले असतात. शीतगृहालाही बहुतेक वेळा ठाऊक असते, कारण प्रत्येक वाण सारखाच टिकत नाही. नाव हरवते ते शेवटच्या एक-दोन हातांत. तिथे कोणी विचारणारा नसतो, म्हणून सांगणाराही नसतो. मी बावीस वर्षे न विचारणाऱ्यांतलीच एक होते, म्हणून हे खात्रीने लिहू शकते.

तिसरे म्हणणे असे की गिऱ्हाइकाला याच्याशी देणेघेणे नसते. हे मला मुळीच मान्य नाही. १९८० च्या दशकात पॅरिसमध्ये जोएल रोबुशाँ या शेफची कीर्ती ज्या पदार्थाने पसरली, तो पदार्थ म्हणजे कुस्करलेला बटाटा होता, आणि त्यासाठी ते ‘रात’ नावाचा लहान, लांबट वाण वापरत, हे त्यांच्या गिऱ्हाइकांनाही माहीत असे. तो कुस्करा यंत्रात न फिरवता हाताच्या यंत्रातून गाळून करतात, कारण वेगाने फिरणारे पाते गराच्या पेशी फोडते आणि सुटलेल्या स्टार्चने त्याची खळ होते. सांगणारा सांगू लागला की गिऱ्हाईक ऐकते. ताई आयुष्यात कधी स्वयंपाकाच्या गप्पांत रमलेली मी पाहिली नाही. त्या दिवशी मात्र ती फळ्यासमोर उभी राहून प्रत्येक ओळ मोठ्याने वाचत होती.

आरोग्याचाही एक मुद्दा आहे. बटाटा माणसाला जाड करतो, अशी सरसकट तक्रार मी बावीस वर्षे ऐकत आले. कच्च्या बटाट्यात सुमारे ऐंशी टक्के पाणी असते आणि त्यात क जीवनसत्त्वही चांगल्यापैकी असते; जाडीचा दोष पुष्कळदा तेलाचा आणि प्रमाणाचा असतो. त्यापेक्षा महत्त्वाची बाब वेगळी आहे. स्टार्चयुक्त पदार्थ उच्च तापमानाला तळताना किंवा भाजताना अ‍ॅक्रिलामाइड तयार होते, हे २००२ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी जगापुढे आणले. उकडताना ते होत नाही. कर्करोगाविषयी संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने हे द्रव्य १९९४ पासूनच माणसाला कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या द्रव्यांच्या गटात ठेवलेले आहे. बटाट्यात साखर जितकी जास्त, तितके ते अधिक तयार होते. म्हणूनच युरोपीय संघाने २०१७ साली केलेल्या आणि एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या नियमांत खाद्यव्यवसायांना कमी साखरेचे वाण निवडावेत, फ्राइजचे बटाटे सहा अंशांपेक्षा अधिक तापमानाला साठवावेत आणि फ्राइजचा रंग फिकट सोनेरी ठेवावा, असे सांगितले आहे. जो व्यवसाय वाणाचे नाव विचारतच नाही, तो कमी साखरेचा वाण निवडणार कसा? फ्राइजची ओळ पुसणाऱ्या मालकीणबाईंनी चवीसाठी ती पुसली असेल, पण त्यात त्यांनी गिऱ्हाइकांची काळजीही घेतली.

मोठ्या खाद्यगृहांनी शेतकऱ्याचे नाव, शेताची उंची, पावसाचे मान असे सगळे तपशील छापावेत, असा माझा आग्रह नाही. तसे केल्यास मेनूकार्ड वाचणे हेच एक काम होऊन बसेल. वाणाचे नाव आणि पोते उघडल्याची तारीख, एवढेच पुरे. ज्यांना ते वाचायचे नसेल त्यांनी सोडून द्यावे. ज्यांना वाचायचे आहे, त्यांना आपल्या आवडीचा बटाटा पुन्हा मागता येईल, आणि एखादा पदार्थ बिघडला तर तो हाताने बिघडला की पोत्यामुळे, हे ठरवता येईल. आतल्या खिडकीत तव्यापुढे उभ्या असलेल्या मुलासाठी मला ही दुसरी गोष्ट फार मोलाची वाटते. त्याच्या बाजूने बोलणारा एक खडूचा रकाना तिथे भिंतीवर आहे.

आपल्या वृत्तपत्राला माझी विनंती एवढीच आहे की पुरवणीत खाद्यगृहांवर लिहिणाऱ्या आपल्या लेखकांनी यापुढे जिथे बटाटा खाल्ला असेल तिथे तो कोणत्या वाणाचा होता, हे विचारावे, आणि उत्तर मिळाले तर छापावे, न मिळाले तर मिळाले नाही असे छापावे. मी पुढच्या महिन्यात पुन्हा ताईकडे जाणार आहे. तोवर फ्राइजचे ते पोते उबेला ठेवून पंधरा-वीस दिवस झालेले असतील, आणि मालकीणबाईंनी मला ती ओळ पुन्हा लिहिल्याशिवाय फ्राइज मागवू नका, असे बजावून सांगितले आहे.

आपली नम्र,
एक नियमित वाचक
(निवृत्त भोजनगृह व्यवस्थापक)